भाऊजींचं औषध

जनूभाऊजींच्या तेराव्याला आमच्या वळ गावातल्या त्यांच्या भक्तांनी फोटोसमोर ब्रँडीची नवी कोरी बाटली आणून ठेवली. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्या दिवशी पानापाशी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाला सुपारी, कुणाला तंबाखूची पुडी. भाऊजींना ब्रँडी, यात कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं. बाटलीशेजारी स्टीलचा पेला, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत. मी ती बाटली उचलली आणि आत नेऊन मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.

"सुमनकाकी, डॉक्टरांचा जीव घुटमळंल," एकजण म्हणाला.

"घुटमळू दे," मी म्हटलं. "त्यांनी आम्हाला काय थोडा घोर लावलाय?"

लोकांना वाटलं, बाईचा जुना राग अजून गेला नाही. तो गेलेला नाही हे खरंच आहे. पण बाटली मी रागाने उचलली नव्हती.

डॉक्टर म्हणजे शिकलेले डॉक्टर नव्हेत. जनूभाऊजी, माझे थोरले दीर, नववी नापास. शेत होतं तोवर भात लावायचे. शेतावर गोडाऊन उभं राहिलं, घरबसल्या भाडं यायला लागलं, तसा त्यांना एकच उद्योग उरला: संध्याकाळची वाट बघणं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, जेवायला आमच्यात. आमच्यात म्हणजे मी, माझा नवरा बबन आणि मुलगी दीपा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, लिहायला सोपं पडतं. मी गावच्या अंगणवाडीत सेविका. दिवसभर पोरांना हात धुवा, खोटं बोलू नका असं शिकवायचं आणि घरी येऊन या गृहस्थांसाठी पाणी तापवायचं, असा माझा दिनक्रम.

दारू हा शब्द भाऊजी तोंडातून काढत नसत. दारू इतर लोक पीत. भाऊजी औषध घेत.

हे औषध घेण्याचा थाट बघण्यासारखा होता, म्हणजे ज्याला दुसरं काही काम नाही त्याने बघण्यासारखा. दिवेलागणीला मी देवापाशी निरांजन लावलं की तिकडे ओट्यावर त्यांची मांडामांड सुरू. अंगात धुतलेलं गंजीफ्रॉक, मांडीवर चौघडी टॉवेल. समोर बाटली, स्टीलचा पेला, लिंबाची फोड आणि मी आणून दिलेला गरम पाण्याचा तांब्या, वर ताटली झाकलेली. आधी बाटली बल्बसमोर धरून बघायची. रोज तीच बाटली, रोज तोच बल्ब, पण बघायचं असं की आज आत काहीतरी वेगळं निघणार आहे. मग पेल्यात ब्रँडी, आणि तिच्यावर कडेने, हळूहळू पाणी.

"पाण्यात ब्रँडी वतली का ती बुडते," ते सांगत. "ब्रँडीवर पाणी वतलं का ती उठते."

उठून ती कुठे जाते हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशा नियमांची त्यांच्याकडे पोतडी भरलेली होती. ब्रँडीला गरम पाणी, बस्स. थंडीत त्यात गुळाचा खडा, खोकला असेल तर आल्याचा तुकडा. व्हिस्कीला साधं पाणी. तिच्यात सोडा घालणारा माणूस पीत नाही, ढेकरा देतो. रमला फार तर लिंबू. काळं गोड कोल्डड्रिंक घालणाऱ्यांविषयी ते जे बोलत ते मी लिहू शकत नाही. जिनला लिंबू-सरबत, "पण ती बायकांची." बायकांपैकी कुणाला त्यांनी ती कधी विचारली होती, देव जाणे. उन्हात राहिलेली ब्रँडी पाहुण्याला द्यायची नाही, ऊन लागलं की ती रुसते. आणि मोहाची दारू घ्यायची ती तशीच, कशातही न मिसळता, कारण "मोहाला दुसऱ्याची संगत चालत न्हाय."

ही मोहाची त्यांना डोंगराकडच्या पाड्यावरचा लखू आणून द्यायचा. गोडाऊनमध्ये हमाली करायचा, हसतमुख माणूस. एकदा ओट्याच्या पायरीवर बसून त्याने भाऊजींचं मोहाविषयीचं सगळं प्रवचन ऐकून घेतलं. ज्याच्या घरी ती पिढ्यान्पिढ्या गाळली जाते त्याला हे शिकवत होते. सगळं झाल्यावर लखू म्हणाला, "डॉक्टर, तुमी पिता कवा? मना तर नुस्तं बोलतानाच दिसता." मी आत भाकरी थापत होते. इतकी हसले की भाकरी मोडली.

पण गाव त्यांना मानायचं, हेही सांगायला हवं. गावं काय, कुणालाही मानतात. हळदीला पुरुषांची बैठक बसली की ओतायला भाऊजीच हवेत. ते माणूस बघून ओतत. याला इतकी, त्याला तितकी, आणि ज्याची बायको दारात उभी असेल त्याला नुसता सोडा. त्यांच्या हातची पिऊन कुणी गटारात पडला नाही अशी त्यांची ख्याती होती. मी म्हणायची, पडणारे पडतच होते, फक्त आपापल्या घरी जाऊन.

एकदा त्यांच्या गोडाऊनच्या कंपनीचा मोठा साहेब आला. दिल्लीकडचा, वयाने तिशीतला, बूट असे की ओट्यावर ठेवायला पाट द्यावा. त्याने परदेशी ब्रँडीची बाटली भेट आणली होती, आणि तिच्यात घालायला निळ्या डब्यातलं कसलं तरी गोड, ताकद देणारं पाणी. त्याने डबा फोडला आणि भाऊजींच्या देखत पेल्यातल्या ब्रँडीत उपडा केला. भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू साहेबाने तुळशीत चूळ टाकली.

"साब," ते म्हणाले, "बोतल तो बाहर की लाये. थोडी अक्कल भी मंगाते."

साहेबाला वाटलं, चाचा गंमत करतायत. तो खो खो हसला. तो गेल्यावर भाऊजी ती बाटली घेऊन अर्धा तास बसले, नुसते वास घेत. मग उरलेली दिवाळीसाठी म्हणून कपाटात ठेवली.

आणि दिवाळीला बबनने गंमत केली. बबन जन्मात कधी थेंबाला शिवला नाही, पण थट्टेखोर फार. परदेशी बाटलीतलं त्याने काढून दुसऱ्या बाटलीत लपवलं, आणि परदेशी बाटलीत नाक्यावरची सगळ्यात स्वस्त चपटी भरली. भाऊजींनी बल्बसमोर धरली, पाणी ओतलं, घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही दारामागे श्वास रोखून उभे.

"बघ, बबन," ते म्हणाले, "हिला खानदान म्हंतात. आपली ब्रँडी घशातना उतरते. ही घशातना चालत जाते."

दीपाला तोंडात ओढणी कोंबावी लागली. त्यांना आम्ही कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग? त्यांनी लगेच स्वस्त चपटीचं खानदान शोधून काढलं असतं. त्या दिवसापासून मात्र माझ्या मनात पक्कं बसलं की या माणसाला जिभेचंही ज्ञान नाही. ज्ञान आहे ते फक्त बोलायचं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण हा माणूस नुसता पीत नव्हता, पाजत होता. औषध म्हणून. कुणाच्या छातीत कफ झाला, कुणाचे पाय दुखले, कुणाला थंडी भरली की लोक वाटी घेऊन ओट्याशी हजर. बाळंतिणीला चमचाभर गरम पाण्यातून. मलाही दीपाच्या वेळी सासूबाईंनी दिली होती. खोटं कशाला बोलू, चव वाईट नव्हती. गुळाचा खडा, गरम पाणी, आणि पोटातून वर येणारी ऊब. जरा वेळ मला वाटलं की जग इतकंही वाईट नाही. पण मग भाऊजी म्हणाले, "पोरीलाबी दोन थेंब दे, सर्दी हाय तिला." दीपा तेव्हा दहा दिवसांची. सासूबाईंनी बोट बुडवलंही होतं. मी त्यांच्या हातातली वाटी ओढून मोरीत ओतली.

"औषध फेकलंस?" भाऊजी ओरडले.

"औषध असतं तर बाटलीवर वाघ-सिंहाची चित्रं नसती," मी म्हटलं.

पुढे आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. गरम पाणी मात्र रोज माझ्याच हातचं घेतलं. मानी माणसाचा मान कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची मला तेव्हा ओळख पटली.

आता जे सांगायचं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगवत नाही.

दीपा कॉलेजला जायला लागली होती. बबन एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. एका दुपारी तो ड्युटीवरून मधेच घरी आला, छातीत कळ येतेय म्हणून. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. मी अंगणवाडीत. घरी भाऊजी. शेजारच्या मुलाने रिक्षा आणून दाराशी लावली. भाऊजींनी ती परत पाठवली.

"गॅस हाय," ते म्हणाले. "थंडी भरलीय. मी हाय ना."

आणि बबनला, ज्याने जन्मात थेंब घेतला नव्हता त्याला, त्यांनी गरम पाण्यातून ब्रँडी दिली. वर गोधडी घातली. मग ओवा चुरडून दुसरा पेला दिला. बबनने घेतला, कारण थोरल्या भावाने दिला. मी घरी आले तेव्हा बबनचे गाल लाल होते, आणि तो म्हणत होता, "बरं वाटतंय गं आता." ब्रँडी हेच करते. आत घर जळत असतं आणि ती दारावर तोरण लावते.

मी त्याच्या हाताला हात लावला. बर्फ. त्याला मी टेम्पोत कसं घातलं, कंटेनरच्या रांगेतून ड्रायव्हरने टेम्पो कसा काढला, आठवत नाही. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "इतका वेळ काय करत होतात?" मग वाकून वास घेतला. "पेशंट रोज पितात का?"

बबन वाचला. पण हृदयाचा एक भाग मेला, तो मेलाच. नोकरी सुटली. देवळापर्यंत जायचं, पारावर टेकायचं आणि परत यायचं, एवढी त्याची दुनिया उरली. आणि भाऊजी त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून मला काय म्हणाले, तर, "ब्रँडी दिली म्हनून हितवर पोचला."

चार दिवसांनी घरी आल्यावर दिवेलागणीला ते ओट्यावर मांडामांड करून बसले आणि त्यांनी आत हाक दिली, "सुमन, पाणी." तेव्हा मी बाहेर आले.

"भाऊजी," मी म्हटलं, "जेवायला दोन वेळ मिळेल. पण तुमच्या औषधासाठी माझ्या गॅसवर पाणी तापणार नाही. आजपासून मरेपर्यंत. तुमच्या नाहीतर माझ्या."

बबन आतून म्हणाला, "जाऊ दे ना गं." त्याचं सगळ्यांना जाऊ देच असतं. भाऊजींकडून मला एकच शब्द ऐकायचा होता. चुकलं. एवढाच. "बबन, माझं चुकलं." मला म्हणायचं नसेल तर भावाला म्हणा, भावाला नको तर भिंतीला म्हणा, पण मला ऐकू येईल असं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी ते बाजारातून थर्मास घेऊन आले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी थर्मास काखेत मारून ते गोडाऊनच्या फाटकाजवळच्या रामसूरतच्या टपरीवर जात आणि गरम पाणी घेऊन येत. ओट्यावर तोच थाट. तीच बाटली, तोच बल्ब, कडेने पाणी, लिंबाची फोड. शेजारी खुर्चीवर बबन, अर्ध्या हृदयाचा, त्यांच्याशी गप्पा मारत. मी दारातून जा-ये करताना तिकडे बघत नसे. बघितलं तर हातातलं काहीतरी फेकून मारेन अशी भीती वाटे. ज्या पेल्याने भावाला मरणाच्या दारात नेलं, तोच पेला भावाच्या शेजारी बसून हा माणूस चवीने पितो, याला निर्लज्जपणाशिवाय दुसरं नाव मला सापडलं नाही.

वर आणखी कंजूषपणा सुरू झाला होता. पूर्वी वाटी घेऊन येणाऱ्याला चमचाभर मिळायची. आता लोक आले की, "संपली. सरकारी दवाखान्यात जा. पोराला घेऊन जा, आताच जा." आणि हे सांगताना समोर बाटली भरलेली. हळदीच्या बैठकीत इतरांना ओतत, पण आपल्या बाटलीला कुणाला हात लावू देत नसत. "औषध ज्याचं तेला," म्हणत. मी बबनला म्हटलं, "बघा तुमचा भाऊ. आता चमचाभर पण सुटत नाही हातून." बबन नुसता हसला.

अशी काही वर्षं गेली आणि दीपाचं लग्न ठरलं. नवरामुलगा अंजूरचा, चांगली माणसं. आमच्याकडे मुलीला हळद लागते ती नवऱ्याची उष्टी हळद. आधी नवऱ्याला लागते, मग उरलेली वाटीत घेऊन त्याची माणसं मुलीकडे येतात. ती आणायचा मान त्याच्या मामाचा. मामा हे प्रकरण भारी असतं. हा मामा तर अंगठ्या, सोन्याचं कडं, सोबत भाच्यांची फौज. दुपार कलताना टेम्पो आला, वाजंत्री वाजली, बायकांनी हळदीची वाटी आत घेतली आणि पाटावर ठेवली. पुरुष मांडवात बसले. भाऊजी त्यांच्या ठरलेल्या जागी, ओतायला.

मामाला पहिला पेला गेला. त्याने तो बाजूला ठेवला.

"डॉक्टर, ही न्हाय," तो म्हणाला. "तुमची कीर्ती पार अंजूरपतुर हाय. तुमच्या सोताच्या बाटलीतली पाजा."

"ती माझी हाय," भाऊजी म्हणाले.

"म्हनून तर मागतो."

"न्हाय."

"आवो, एक घोट. मानाचा."

"सांगितला ना न्हाय म्हनून."

मांडवातली वाजंत्री थांबली नव्हती, पण बोलणं थांबलं. मामाने बाजूचा पेला उचलला, मातीत रिकामा केला आणि सतरंजीवर पालथा घातला. आमच्याकडे पेला पालथा घातला की त्या घरचं पाणीही प्यायचं नाही असा अर्थ होतो. भाचे उभे राहिले. एकजण म्हणाला, "चला, हळद घ्या परत." आत दीपा पाटावर बसायला निघालेली. पिवळी साडी, हातात सुपारी. आणि बबन खुर्चीतून उठला, हात छातीवर. तो हात मी बघितला आणि मला बाकी काही दिसेना.

मी मांडवात गेले. बायकांनी पुरुषांच्या बैठकीत जायचं नसतं, पण ते मला कुणी सांगायला धजलं नाही. भाऊजींच्या मांडीआडची बाटली मी ओढून घेतली. त्यांनी धरून ठेवली. माझ्याशी झोंबले, मांडवभर लोकांसमोर. "सुमन, सोड," ते हळूच म्हणाले, "सुमन, ऐक." एका बाटलीपायी पोरीचं लग्न मोडायला निघालेला माणूस! मी हिसका दिला, बूच काढलं, स्वच्छ पेला घेतला आणि मामाच्या पुढ्यात ओतायला वाकले.

वासच आला नाही.

ब्रँडीचा वास मी ओळखते. वर्षानुवर्षं ते पेले मी घासलेत. हिला वास होता तो कोऱ्या चहाचा.

मी मान वर केली. भाऊजी माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर मी ऐट बघितली, राग बघितला, झोप बघितली. भीती कधी बघितली नव्हती. ते मरायला घाबरले नसते, पण त्या क्षणी घाबरले होते, एका कपभर चहापायी. मी फक्त पेला मामाच्या हातात द्यायचा अवकाश होता. माझा सगळा हिशोब मांडवात, वाजंत्रीसकट, चुकता झाला असता. अंजूरपर्यंत कीर्ती गेलेल्या डॉक्टरांचं हसू परत अंजूरपर्यंत गेलं असतं.

"मामा," मी म्हटलं, "ही न्हाय चालायची. सकाळधरनं उन्हात राहिलीय, उतरलीय ही. उतरलेली पाहुण्याला पाजायची न्हाय म्हणून भाऊजी नको बोलले. पण सरळ सांगायची सवय या घरातल्या पुरुषांना न्हाय." आणि ओतलेलं मी मांडवाच्या खांबाशी रिकामं केलं.

मामा भाऊजींकडे बघायला लागला. आणि काय सांगू, त्या माणसाला सावरायला एक श्वास पुरला.

"तेच सांगत व्हतो मी," भाऊजी म्हणाले. "ब्रँडीला ऊन लागलं का ती रुसते. मंग ती राजाला पाजा न्हायतर मामाला पाजा, पाजणाऱ्याला पाप. बसा. तुमाला दुसरी देतो, अशी का नाव काढाल."

मामाने पेला सुलटा केला. भाचे बसले. उन्हाचं आणि ब्रँडीचं प्रवचन सुरू झालं, आणि मामा तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. बबन खुर्चीत टेकला. मी बाटली पदराखाली धरून आत आले आणि मोरीशी उभी राहून एक घोट घेतला. कोरा चहा. थंड, कडू, गुळाचा नावापुरता वास. आत दीपाच्या गालाला हळद लागत होती, बायका गात होत्या. मी मोरीशी उभी राहून रडले. लोकांना वाटलं, आईचं काळीज. असेल तेही.

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामसूरतच्या टपरीवर गेले. चाचा तुझ्याकडून काय नेतात, असं विचारलं.

"काली चाय, भाभी," तो म्हणाला. "और थर्मास में गरम पानी अलग से. रोज का है."

"कबसे?"

"जब बबन चाचा को टेम्पो में डाल के ले गये थे ना, उसके बाद से. बोले, रामसूरत, किसी को बोलना मत. अब आप पूछ रही हैं तो..." तो ओशाळला. "बहुत नखरे हैं चाचा के. बोलते हैं, तेरी चाय का रंग हलका है, लोग पहचान लेंगे."

मी परत येताना रस्ताभर संतापाने बोलत होते. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, बाईला वेड लागलं. चोरून पिणारी माणसं या जगात पुष्कळ असतात. चोरून न पिणारा हा एकच मी बघितला. दोन शब्द म्हणायचे होते, माझं चुकलं. ते म्हणण्यापेक्षा या माणसाला जन्माची ब्रँडी सोडणं सोपं वाटलं. सोडली तर सोडली, ती सोडली हे कळलं की चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून रोज संध्याकाळी थंड चहावर कडेने गरम पाणी ओतून, बल्बसमोर धरून, मिटल्या डोळ्यांनी चव घेत बसायचं. आणि मी इकडे दारामागे दात-ओठ खात. शिक्षा स्वतःला करून घेतली आणि तिचा त्रास मला दिला. असा गर्व मी दुसरा बघितलेला नाही, आणि बघायची इच्छाही नाही.

बबनला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शेजारीच बसतो की मी," तो म्हणाला. "नाक हाय मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"दादा न्हाय बोलला ना. मंग मी कसा बोलू?"

भाऊ ते भाऊ. दोघांना एकाच दोरीने बांधून खाडीत बुडवावं, असं वाटलं.

मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. ज्या दिवशी बबन पाराशी टेकून दम घेतो त्या प्रत्येक दिवशी मला ती परत पाठवलेली रिक्षा आठवते, आणि आठवत राहील. पण टपरीवरून आले त्या संध्याकाळी, दीपा सासरी गेल्यामुळे, घर खायला उठलं होतं. मांडव सोडणारी माणसं बांबू खाली पाडत होती. ओट्यावर भाऊजी मांडामांड करत बसले होते, नवी बाटली, तिच्यात हळदीच्या दिवशीसारखाच रंग. मी गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उकळलं, तांब्यात ओतलं, वर ताटली झाकली, लिंबाची फोड कापली आणि नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ते तांब्याकडे बघत राहिले. मग थर्मास उचलून त्यांनी पाठीमागे, भिंतीशी सरकवला. पेल्यात बाटलीतलं ओतलं. तांब्यातलं पाणी कडेने, हळूहळू. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी उभी होते. मला वाटलं, आता. आता म्हणतील ते दोन शब्द. बबनही त्यांच्याकडे बघत होता.

"पाणी जरा जास्तच तापलंय," भाऊजी म्हणाले.

"मग फुंकून प्या," मी म्हटलं आणि आत वळले. पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. पण मला ते दिसतात ते तसेच, दारातून मागे वळून बघितलं तेव्हा दिसले तसे: मांडीवर टॉवेल, शेजारी भाऊ, आणि दोन्ही हातांत पेला धरून आमचे ब्रँडीचे मोठे जाणकार कोऱ्या चहावर फुंकर मारत बसलेले.